पोपटाच्या शेंगा आणि पुलगावचा पेपर

“एवढाली फी भरली त्यानं, ताई. अन् वाचाले किती वेळ? दहा मिन्टं! त्यातली तीन तर त्याचं नाव अन् युनिव्हर्सिटी सांगण्यातच गेली.”

शेजारच्या वहिनींनी पोपटाच्या शेंगांची टोपली आमच्या मधल्या भिंतीवर ठेवली आणि अर्ध्या शेंगा माझ्या सुपात ओतल्या. म्हणजे मी आता हलायचं नाही, हे ठरलं. वर्ध्याच्या रामनगरातली ही भिंत बांधणाऱ्यानं उंचीचा बराच विचार केलेला दिसतो. कोपर टेकतं, टोपली राहते, पलीकडच्या अंगणात काय वाळतंय ते दिसतं, आणि बिनसलंच तर दोघींनाही आपापल्या दाराकडे वळून जाता येतं. हिवाळ्यात दुपारी तीनच्या उन्हात इथं जे कळतं ते दुसऱ्या दिवशीच्या छापील पेपरात सापडत नाही.

विषय त्यांच्या भाच्याचा होता. पोट्टा पुण्याला संरक्षण आणि सामरिकशास्त्रात पीएचडी करतो. परवा एका मोठ्या शहरात तीन दिवसांच्या परिषदेला जाऊन आला. सुरक्षा अभ्यास, त्यातलं संशोधन आणि प्रत्यक्षातला व्यवहार असा भारदस्त विषय. वहिनींना त्याचा सगळा वृत्तान्त फोनवर मिळाला होता आणि तो त्यांच्याकडून मला मिळेपर्यंत त्यात थोडी फोडणी पडली असणार, हे मी धरून चालते.

“उद्घाटनाले मंत्री येनार होते. दीड घंटा सारे बसून रायले. आलेच नाही. मंग एक रिटायर जनरलसाहेब बोलले. चांगले बोलले म्हने, पण सारं चीनवर. दुसऱ्या दिवशी बी चीन. तिसऱ्या दिवशी पाकिस्तान, अन् शेवटी चहाच्या आधी थोडं पान्याचं.”

“आणि आपल्या पोराचा नंबर?”

“जेवनाच्या मांगून! पनीर, पुलाव, रबडी, सारं झाल्यावर. अर्धे लोक पेंगत होते, उरलेले सर्टिफिकिटाच्या टेबलापाशी. अध्यक्षबाईनं सातव्याच मिन्टाला चिठ्ठी सरकवली.”

मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली. परिषदा मला नवीन नाहीत. व्यासपीठावरचा फलक, ज्यूटची पिशवी, तिच्यात एक पेन आणि न वाचली जाणारी स्मरणिका, हे सगळं माझ्या हाताखालून गेलेलं आहे. प्राध्यापकांच्या बढतीला गुणांक लागायला लागले तेव्हापासून तर पेपर वाचण्यापेक्षा पेपर वाचल्याचा कागद महत्त्वाचा झाला. सकाळी येऊन, नाव नोंदवून, दुपारच्या गाडीनं प्रमाणपत्रासकट परत जाणारी मंडळीही मी पाहिली आहेत. तरीही मी परिषदांना सरसकट नावं ठेवणार नाही. चहाच्या रांगेत दोन माणसं खरोखर एकमेकांशी बोलतात, आणि कधीकधी तेवढ्यासाठीही प्रवास सार्थकी लागतो.

“पण पेपर कशावर होता?” मी विचारलं.

वहिनींनी शेंग सोलायची थांबवली. “माह्या माहेरावर.”

वहिनींचं माहेर पुलगावकडचं. देवळी तालुक्यात, दारूगोळ्याच्या केंद्रीय भांडाराच्या कुंपणाजवळच्या एका गावात. पुलगावचं हे भांडार देशातल्या सर्वांत मोठ्या भांडारांपैकी एक. हजारो एकरांवर पसरलेलं. बाहेरून पाहणाऱ्याला तार, झाडी आणि एक लांबलचक रस्ता दिसतो, बाकी काही नाही. आसपासच्या गावांना त्याची सवय झालेली. कोणाचा मुलगा आत कामगार, कोणाचा दीर अग्निशमन दलात, कोणाचं वावर अगदी तारेला लागून. भांडाराच्या परिसरात बांधकाम करायचं म्हटलं की १९०३ सालचा संरक्षण बांधकाम कायदा आडवा येतो, त्यामुळे घर वाढवायचं तरी कटकट. वहिनींच्या भावानं वरचा मजला बांधायचा बेत किती वेळा आखला आणि सोडला, हा स्वतंत्र गप्पांचा विषय आहे.

“त्या रात्री मी माहेरीच होती,” वहिनी म्हणाल्या. हे त्यांनी मला याआधीही सांगितलं आहे, पण प्रत्येक वेळी एखादी नवी गोष्ट निघते.

ती रात्र म्हणजे ३१ मे २०१६. आमच्याकडे मे महिन्यात घरात कोणी झोपत नाही. अंगणात बाजा टाकलेल्या, डोक्याशी पाण्याची गुंडी, पोरंसोरं गच्चीवर. मध्यरात्र उलटून गेली होती. एकच्या सुमाराला पहिला आवाज झाला.

“आधी मले वाटलं ढग गरजला. मंग उजीड पडला. रातच्या एक वाजता घराच्या मांगची बाभूळ, तिच्या शेंगा, सारं चकचक दिसत होतं. माह्या वयनीनं पह्यले काय केलं असंल? बैल सोडले. लेकरं उठवाच्या आधी बैल सोडले! मंग म्हने, अवो, दावं तोडून मरतीन नं ते. आमी ट्रॅक्टरवर बसलो. म्हातारी काही केल्या उतरे ना गच्चीवरून. तिले उचलून आनलं.”

“मागं पाहिलंत?”

“सारे मांगंच पाहत होते. पुढं पाहनारा एकटा माहा भाऊ, कारन तो ट्रॅक्टर चालवत होता.”

आगरगाव, नागझरी आणि आसपासच्या गावांतली माणसं त्या रात्री अशीच निघाली. घरांच्या काचा फुटल्या, भिंतींना तडे गेले. पण गावात कोणी दगावलं नाही. मेले ते आतले, आग विझवायला गेलेले. दोन लष्करी अधिकारी, एक जवान आणि भांडाराच्या अग्निशमन दलातली माणसं. पहिल्याच दिवशी आकडा १६ वर गेला आणि नंतर उपचार सुरू असताना तो आणखी वाढला. तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर त्याच दिवशी पुलगावला आले. पुढं कारण बाहेर आलं ते रणगाडाविरोधी सुरुंगांचं. त्यांच्यातलं टीएनटी पाझरत होतं. पाझरणारा माल सदोष आहे हे ठाऊक होतं, तरी तो साठवलेलाच होता.

शत्रू नाही, हेर नाही, घातपात नाही. गुदामात खराब माल पडून राहिला, एवढंच. भाच्याच्या पेपराचा मुद्दा तोच होता, की दारूगोळा सीमेवर जाण्याआधी ज्यांच्या शेजारी राहतो त्यांच्या सुरक्षेचा विचार सुरक्षेच्या शास्त्रात कुठे बसतो? मला विचाराल तर मुद्दा अगदी नेमका. पण वहिनींचा राग वेगळ्याच गोष्टीवर होता.

“त्यानं मले पेपर धाडला मोबाइलवर. इंग्रजीत हाय, पन नातीनं वाचून दाखवला. त्यात गावाचं नाव नाही. ‘गाव अ’. अन् माह्या वयनीचं नाव? ‘उत्तरदाता क्रमांक ७’!”

“असं करावं लागतं हो. नाव उघड करायचं नसतं. संशोधनाचा नियमच आहे तो.”

“नियम असंल. पन ते त्याची माय हाय नं! स्वतःच्या मायले सात नंबर? अन् बैल सोडल्याचं त्यानं लिवलंच नाही. लिवलं काय, तर ‘पशुधनाच्या सुरक्षेला दिलेले प्राधान्य’.”

मला हसू आवरेना. वहिनींनाही मग आवरलं नाही.

या अशा हसण्याला आमच्याकडे हमखास एक माणूस आकर्षित होतो, तो म्हणजे मागच्या गल्लीतले गुरुजी. इतिहासाचे निवृत्त शिक्षक. फिरायला म्हणून निघतात आणि भिंतीच्या टोकाला, जिथं तिन्ही घरांच्या हद्दी मिळतात, तिथं येऊन मुक्काम करतात. “काय चाललंय?” हा त्यांचा प्रश्न असतो, पण उत्तर ते मिनिटभरापूर्वीच ऐकून आलेले असतात.

“त्याला प्रश्न काय विचारले लोकांनी?” गुरुजींनी थेट मुद्द्याला हात घातला.

“एकच इचारला. एका सरानं. तुमी बुझान वाचला का म्हने.”

हा बुझान म्हणजे बॅरी बुझान, इंग्लंडमधले अभ्यासक. १९८३ साली त्यांचं माणसं, राज्यं आणि भय यांच्यावरचं पुस्तक आलं आणि सुरक्षा म्हणजे फक्त रणगाडे मोजणं नव्हे, हे विद्यापीठांतून बोललं जाऊ लागलं. पुढं १९९८ मध्ये त्यांनी ओले वेव्हर आणि याप डी विल्ड यांच्यासोबत आणखी एक पुस्तक लिहिलं. कोपनहेगन पंथ म्हणतात तो यांचाच. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की एखादी गोष्ट धोका आहे असं सत्तेतलं माणूस जाहीर करतं आणि ऐकणारे मान्य करतात, तेव्हा ती सुरक्षेचा प्रश्न बनते. मग नेहमीचे नियम बाजूला ठेवायची मुभा मिळते. मी हे वहिनींना आमच्या भाषेत सांगितलं. त्यांनी जरा विचार केला.

“म्हंजे ज्याच्या भोंग्याचा आवाज मोठा त्याचा धोका मोठा. अन् आमचा भोंगाच नाही.”

कोपनहेगनवाल्यांवर नेमका हाच आक्षेप पुढं अभ्यासकांनी घेतला, की ज्यांना बोलताच येत नाही त्यांचा धोका या सिद्धान्तात दिसतच नाही. त्यासाठी त्यांना कितीतरी लेख लिहावे लागले.

“आणि सुरक्षा सात प्रकारची असते,” गुरुजी म्हणाले. त्यांना आकडे फार आवडतात. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमानं १९९४ च्या मानव विकास अहवालात हे मांडलं. त्यामागचा मुख्य माणूस महबूब उल हक, पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ. पोटापाण्याची, अन्नाची, आरोग्याची, पर्यावरणाची, जिवाची, समाजाची आणि राजकीय अशी सात नावं गुरुजींनी बोटांवर मोजली.

“कापसाच्या भावाची कोनत्या बोटावर?” वहिनींनी विचारलं.

“पोटापाण्याच्या.”

“मंग ते बोट आंगठा करा.”

त्यांचं म्हणणं उगीच नव्हतं. २००६ मध्ये शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं, त्या सहा जिल्ह्यांत आमचा वर्धा होता. भांडाराच्या स्फोटात जेवढी माणसं गेली त्याहून कितीतरी जास्त आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या बाटलीनं गेली, आणि त्या मरणांना कुठल्या सुरक्षा परिषदेत चहाआधीचासुद्धा वेळ मिळालेला मी ऐकला नाही. पण इथं मी थांबते, कारण सगळंच सुरक्षा म्हटलं की शब्दाला काही धार उरत नाही, हाही आक्षेप बरोबर आहे. पाझरणारा सुरुंग हा पाझरणारा सुरुंगच असतो. त्याला कोणीतरी वेळेवर बाजूला काढावं लागतं.

“बाजूला काढून करतात काय, ते बी सांगा,” वहिनी म्हणाल्या. आवाज खाली आला होता. “सोनेगावाले नेतात.”

सोनेगाव (आबाजी) इथं जुना, बाद झालेला दारूगोळा खड्ड्यात पुरून उडवून देतात. २० नोव्हेंबर २०१८ ला सकाळी तिथं पेट्या उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. एक जबलपूरच्या खमरिया आयुध कारखान्याचा कर्मचारी, बाकीचे बहुतेक ठेकेदाराकडचे आसपासच्या गावांतले मजूर. रोजंदारीवर पेट्या उचलणारे. उडवून झाल्यावर उरलेलं भंगार वेचायलाही गावातली माणसं तिथं जात. भाच्यानं हेही पेपरात घातलं होतं, पण चिठ्ठी आली ती याच पानाच्या आधी.

थोडा वेळ नुसत्या शेंगा सोलल्या. पोपटाचे दाणे हिरवेगार, बोटांना चिकट लागतात.

“वर्ध्याला सुरक्षेवरची याहून खडाजंगीची परिषद झालेली आहे,” गुरुजी म्हणाले. “पाच दिवसांची. आणि तिथं दहा मिनिटांची चिठ्ठी नव्हती.”

मला वाटलं, आता ते सेवाग्रामचं नेहमीचं सांगणार. पण त्यांनी जून १९४० काढला.

तारखा बघा. १४ जूनला जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरलं. डेन्मार्क, नॉर्वे, हॉलंड, बेल्जियम आधीच गेलेले. आणि १७ जूनपासून वर्ध्याला काँग्रेस कार्यकारिणीची बैठक. त्या काळात या बैठका व्हायच्या त्या बजाजवाडीत, जमनालाल बजाजांच्या पाहुणचारात. अध्यक्ष मौलाना आझाद. समोर प्रश्न एकच: उद्या हिंदुस्थान स्वतंत्र झाला, आणि कोणी चाल करून आलं, तर संरक्षण कशानं करायचं?

“गांधीजी म्हनाले असतीन, अहिंसेनं,” वहिनी.

“म्हणालेच. आणि नुसतं मनात ठेवा असं नाही म्हणाले. काँग्रेसनं तसं जाहीर करावं, असं त्यांचं म्हणणं. फ्रान्सकडे काय कमी फौज होती? वाचला का?”

“मंग बाकीच्याइनं मान डोलावली असंल.”

“इथंच तर गंमत आहे. नाही डोलावली!”

गुरुजी रंगात आले की भिंतीवर बोटानं नकाशे काढतात. त्यांनी सांगितलेलं मी माझ्या शब्दांत मांडते. राजगोपालाचारी आणि सरदार पटेल यांना हे पटत नव्हतं. १९३७ पासून दोनेक वर्षं काँग्रेसनं प्रांतांत राज्य चालवलेलं होतं. दंगलीत पोलीस पाठवावे लागले होते, गोळीबाराचे हुकूम सुटले होते. राज्य म्हणजे काय हे हाताला लागलेलं. आझादांचं म्हणणं, काँग्रेस ही स्वातंत्र्य मिळवायला निघालेली संघटना आहे, युद्धविरोधाचा पंथ नव्हे. राजेंद्रप्रसाद, कृपलानी, शंकरराव देव हे गांधीजींच्या बाजूला झुकलेले. आणि सरहद्दीवरून आलेले खान अब्दुल गफार खान, ज्यांच्या पठाणांच्या घरात बंदूक ही चुलीइतकीच ठरलेली वस्तू, ते अहिंसेवर सगळ्यांत पक्के.

२१ जूनला निवेदन निघालं. स्वातंत्र्याच्या लढ्यात आम्ही अहिंसा सोडणार नाही, पण बाहेरचं आक्रमण आणि आतली बेबंदशाही या बाबतीत गांधीजींबरोबर शेवटपर्यंत जाणं आम्हाला जमणार नाही. त्यांनी आपल्या वाटेनं जावं, आमच्या धोरणाची जबाबदारी त्यांच्यावर नाही. असा त्याचा अर्थ.

“तोंडावर सांगतलं?”

“तोंडावर. सेवाग्राम इथून आठ किलोमीटर. तोंड चुकवायला जागाच नव्हती.”

“सरदारानं बी?”

“सरदारांनी बी,” गुरुजी वहिनींच्या बोलीत म्हणाले.

पुढचं थोडक्यात. जुलैच्या सुरुवातीला दिल्लीत राजगोपालाचारींचा ठराव आला: राष्ट्रीय सरकार द्या, आम्ही देशाच्या संरक्षणात पूर्ण ताकद लावतो. गफार खानांनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला. जुलैअखेर पुण्याच्या महासमितीत ठराव पक्का झाला. ८ ऑगस्टला व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी जे देऊ केलं त्यात हाती घेण्यासारखं काही नव्हतं. सप्टेंबरात मुंबईला काँग्रेस पुन्हा गांधीजींकडे आली, आणि १७ ऑक्टोबरला आपल्या पवनारला विनोबांनी युद्धाविरुद्ध भाषण करून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला.

“म्हंजे भांडून माघारी आले.”

“आले. पण भांडणात सांगितलं ते पुसलं गेलं नाही. २७ ऑक्टोबर १९४७ ला विमानानं श्रीनगरला सैन्य उतरवलं, तेव्हा देश हाती घेतलेली माणसं १९४० चीच होती. आणि गांधीजींनीही त्याला विरोध केला नाही.”

मला स्वतःला या गोष्टीत काय भावलं ते सांगते. गांधी बरोबर की पटेल, याचा निकाल भिंतीपाशी लागणार नाही, आणि तो लावायची मला घाईही नाही. पण त्या खोलीत बसलेल्यांपैकी ज्यानं जे मत दिलं, त्याचा भार पुढं त्याच्याच खांद्यावर येणार होता. सैन्य ठेवायचं म्हणणाऱ्यांना सैन्य चालवावं लागलं. नको म्हणणाऱ्याला राजीनामा द्यावा लागला किंवा तुरुंगात जावं लागलं. भाच्याच्या परिषदेत चीनवर बोललेल्यांपैकी कोणाला त्या बोलण्याची काय किंमत द्यावी लागणार होती? प्रमाणपत्र तर सगळ्यांना सारखंच मिळालं.

गुरुजींना हे फार कडू वाटलं. अभ्यासकानं राज्य चालवावं अशी अपेक्षा करणं चूक, असं ते म्हणाले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना १९६५ साली दिल्लीला संरक्षण अभ्यासाची संस्था निघाली, ती का निघाली? बासष्टच्या चीनच्या युद्धात आपण कुठं फसलो याचा शांतपणे विचार करणारी माणसं हवी होती म्हणून. शांतपणे विचार करायला जबाबदारीपासून थोडं लांबच राहावं लागतं. त्याच संस्थेला आता पर्रीकरांचं नाव आहे.

“तेच नं, जे पुलगावले आलते?” वहिनी.

“तेच.”

“मंग त्या संस्थेत पुलगावचा पेपर दहा मिन्टाच्या वर चालाले पायजे.”

यावर गुरुजींकडेही उत्तर नव्हतं.

मग विषय सेवाग्रामच्या सापांवर गेला. कसा गेला ते मला सांगता येणार नाही; भिंतीवरच्या गप्पांना अनुक्रमणिका नसते. आश्रमात आजही साप धरायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा ठेवलेला आहे. गांधीजी १९३६ मध्ये शेगावात, म्हणजे आताच्या सेवाग्रामात, राहायला आले तेव्हा ते सापविंचवांचं रानच होतं. साप निघाला की मारायचा नाही, चिमट्यानं धरून पिंजऱ्यात घालायचा आणि लांब नेऊन सोडायचा. आणि तिथंच व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी बसवून दिलेला टेलिफोनही आहे, तातडीनं बोलता यावं म्हणून. महायुद्धाच्या काळात साम्राज्याचा प्रतिनिधी एका टोकाला आणि कुडाच्या घरातला म्हातारा दुसऱ्या टोकाला. सुरक्षेचा अभ्यास करायला आलेल्या पोरांना मी तरी आधी त्या दोन वस्तूंपुढं उभं करीन.

“सापाचं बरोबर हाय,” वहिनी म्हणाल्या. “पन लांब म्हंजे कोनाच्या वावरात सोडत?”

मला आणि गुरुजींना हा प्रश्न आयुष्यात सुचला नव्हता. सोनेगावची सगळी गोष्ट त्या एका प्रश्नात होती.

गुरुजींनी मग आणखी एक परिषद काढली, कारण त्यांच्या पोतडीत नेहमी एक उरतेच. डिसेंबर १९४९. जगभरच्या शांततावाद्यांचं संमेलन. आधी शांतिनिकेतनात, मग २४ ते ३१ डिसेंबर सेवाग्रामात. तीसहून अधिक देशांतली माणसं. गांधीजींच्या हयातीतच ठरलेलं, पण ते गेले आणि तारीख पुढं ढकलली गेली. अमेरिकेतून ए. जे. मस्टी आले होते, कामगार चळवळीतून पुन्हा शांततेकडे वळलेले. इंग्लंडहून व्हेरा ब्रिटन, जिनं पहिल्या महायुद्धात परिचारिकेचं काम केलं आणि त्याच युद्धात वाग्दत्त वर आणि सख्खा भाऊ गमावला.

“तिले सात नंबर नव्हता नं दिला?” वहिनींनी विचारलं.

“नाही. तिनं सगळं स्वतःच्या नावानं लिहिलं. मोठं पुस्तक आहे.”

वहिनींनी मान हलवली आणि मग एकदम फोन काढला. स्पीकरवर टाकला. भाचा पुण्यात मेसमध्ये जेवत होता.

“काय रे, तू म्हनत होता नं, वर्ध्याले एक सेमिनार घ्याचं? हिंदी विद्यापीठात तो अहिंसेचा अन् शांतीचा विभाग हाय, तिथं इचारतो म्हनत होता.”

“हो आत्या, पण अजून नुसता विचार आहे. प्रस्ताव लिहायचाय.”

“मंग लिव. ताई सांगते मले, तिले येते असं लिवता. जेवनाचं साधं ठेव. पनीर नको. आमी पोपटाची भाजी अन् भाकर करतो. जातानी एकेक डबा गोरसपाक दे, म्हंजे लोक वर्ध्याचं नाव काढतीन.”

“आत्या, संध्याकाळच्या कार्यक्रमाला काही मोठे लोक...”

“त्या मोठ्या लोकाइले सांगून ठेव, आपला जिल्हा दारूबंदीचा हाय. ज्याले यायचं तो येईन.”

पलीकडून हसल्याचा आवाज आला. गुरुजींनी मध्येच ओरडून १९४० वर एक सत्र ठेवायला सांगितलं. ते सत्र कोण घेणार हे त्यांनी सांगितलं नाही, पण कोणाच्या मनात शंका नव्हती.

“अन् गावातली माणसं बोलावजो,” वहिनी म्हणाल्या. “तुही माय येईन. पन फेब्रुवारीत ठेव. कापूस वेचून होते, तूर घरात येते, हरभरा उभा रायते. मार्चात कोनी येनार नाही. बोलाले पुरा वेळ दे. अन् बैलाचं तिले तिच्या तोंडानं सांगू दे.”

“बरं. आणखी कोणाला?”

मी बोलले. भांडाराच्या बाजूचं कोणी? आग विझवायला गेलेल्यांतली जी वाचली, त्यांच्यापैकी कोणी?

वहिनी माझ्याकडे बघत राहिल्या. मग फोनमध्ये म्हणाल्या, “हो रे. ते नाही आले तं काय मतलब? आमी पळालो. ते आत गेलते. त्याइले पह्यल्या रांगेत बसव.”

“आत्या, त्यांना असं परस्पर बोलावता येत नाही. परवानगी लागते. पत्र योग्य मार्गानं जावं लागतं. इथून वर, तिथून दिल्लीला, मग खाली. महिनोन्‌महिने जातात, आणि बहुतेक ‘नाही’च येतं.”

“मंग आजच टाक पत्र,” वहिनी म्हणाल्या. “अन् फेब्रुवारी पुढच्या सालचा धर.”